६२ टक्के कोणाच्या हातून? गडचिरोलीचा पेपर वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य लिहिलं होतं: 'घरोघरी नवजात बालसेवा दिल्यास नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होतो (बंग व इतर, १९९९).' त्याच आकड्यावर सॅम्पल साइज काढला आणि मेळघाटातल्या गावांसाठीचा अभ्यास-आराखडा गाईड मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "कोणाच्या हातून?"

मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन पेपर पुन्हा काढला. खरं सांगायचं तर 'पुन्हा' नाही, पहिल्यांदाच पूर्ण वाचला. त्याआधी मी फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचलं होतं आणि बाकीचं दुसऱ्यांच्या सायटेशनवरून उचललं होतं. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचं सिनॉप्सिस सुरू आहे. तुम्ही ही चूक करू नये म्हणून आज हा एकच पेपर सावकाश वाचू. विदर्भाच्या मातीतला आहे, जगभर सायटेट होतो आणि आपल्या भागात त्याचं नाव आदरानं घेतात. अशा पेपरची चिकित्सा करताना हात थोडा अडखळतो, म्हणून तर ती करायची.

पेपर काय आहे

डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. लेखक डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांचे 'सर्च' संस्थेतले सहकारी. जागा गडचिरोली जिल्हा. प्रश्न असा: जिथे जवळपास सगळी बाळंतपणं घरीच होतात आणि आजारी तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यायला घरचे तयार नसतात, तिथे गावातल्याच बाईला शिकवून बाळांचे मृत्यू टाळता येतील का? त्या काळी नवजात बाळाचा गंभीर जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, दवाखान्यातच बरा करायचा आजार मानला जायचा. गावातल्या बाईनं त्याचं निदान करून इंजेक्शन द्यायचं, हे अनेक डॉक्टरांना धाडसच वाटत होतं.

रचना अशी होती: ३९ गावांत सेवा द्यायची आणि ४७ गावं तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल. १९९३ ते ९५ ही दोन वर्षं फक्त जन्म-मृत्यूची नोंद. १९९५ ते ९८ या तीन वर्षांत सेवा टप्प्याटप्प्यानं सुरू. गावातली प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जायची. बाळ जन्मतः गुदमरलेलं असेल तर श्वास सुरू करायचा, कमी वजनाच्या बाळाची काळजी घ्यायची, अंग गार पडू द्यायचं नाही, दूध पाजण्यातल्या अडचणी सोडवायच्या आणि सेप्सिस ओळखून त्यावर उपचार करायचे. त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनही होतं. शिवाय प्रशिक्षित दाई, आरोग्यशिक्षण आणि दर पंधरा दिवसांनी सुपरवायझरची भेट. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

६२ हा आकडा येतो कुठून

सुरुवातीला सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, कंट्रोल गावांत ५८. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत तो २५.५ झाला.

आता कागद-पेन घ्या. ६२ वरून २५.५ म्हणजे घट किती? साधारण ५९ टक्के. मग पेपरमध्ये ६२.२ टक्के का? कारण त्याच काळात कंट्रोल गावांतला दर थोडा वाढला. सेवेच्या गावांतली घट आणि कंट्रोलमधली वाढ यांची बेरीज करून 'निव्वळ घट' काढली. याला आपण डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतो. यात काही चूक नाही, उलट कंट्रोलमधला बदल धरला नसता तर पद्धत कच्ची ठरली असती. पण सुरुवातीचे ६२ आणि निव्वळ घटीचे ६२ टक्के हे दोन वेगळे आकडे आहेत. मी सेमिनारमध्ये दोघांची गल्लत केलेली ऐकली आहे, आणि करणाऱ्यांत मीही होते.

दुसरं म्हणजे दराच्या मागे माणसं किती, ते बघा. सेवेच्या गावांची लोकसंख्या सुमारे ३९ हजार, म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास जन्म. तेव्हा २५.५ हा दर जवळपास पंचवीस मृत्यूंवर उभा आहे. पाच मृत्यू इकडचे तिकडे झाले असते तर दर तिशीला गेला असता किंवा विशीला आला असता. तरीही घट इतकी मोठी आहे की ती योगायोगाची म्हणता येत नाही, आणि पेपरची पी-व्हॅल्यू तेच सांगते. पण 'घट झाली' हे पक्कं असणं आणि 'घट नेमकी ६२ टक्केच' हे पक्कं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेपरची ताकद

आधी बरं काय ते सांगते, कारण चिकित्सा म्हणजे दोष मोजणं नव्हे.

पहिलं, मोजणी. सेवा देणारी वेगळी आणि दोन्हीकडच्या गावांत जन्म-मृत्यू नोंदवणारी माणसं वेगळी. आपल्याकडे बाळ दोन दिवसांत गेलं तर ते कधी जन्मलं होतं याचीही नोंद होत नाही. अशा ठिकाणी दोन वर्षं नुसती मोजणी करून मग कामाला हात घालणं सोपं नाही.

दुसरं, खर्च. एका बाळामागे ५.३ डॉलर, आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांना सेवा दिल्यावर एक मृत्यू टळला (यात मृतजन्मही धरले आहेत). सरकारला निर्णय घ्यायला लागते ती माहिती पेपरमध्येच आहे.

तिसरं, प्रश्न. तो ग्रंथालयात सापडलेला नव्हता. बाळ आजारी पडल्यावर त्या घरात प्रत्यक्षात काय होतं, इथून तो आला होता. रिसर्च गॅप शोधताना आपण शंभर पेपर चाळतो. या लोकांनी आधी घरं चाळली.

कुठे थांबून बघायचं

पहिली गोष्ट: रँडमायझेशन नाही. कोणती गावं सेवेची आणि कोणती कंट्रोलची, हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. पेपर स्वतःला 'फील्ड ट्रायल' म्हणतो आणि सुरुवातीचे दर सारखे होते हे दाखवतो. तो आधार चांगला आहे, पण दर सारखे होते म्हणून गावं सारखी होती असं होत नाही. संस्थेवरचा विश्वास, रस्ता, एखाद्या गावातली कर्तबगार बाई, या गोष्टी तक्त्यात येत नाहीत.

दुसरी गोष्ट: सगळं एकाच पोतडीत आहे. श्वास देणं, ऊब, दूध, इंजेक्शन, शिक्षण, देखरेख. यातलं कशानं किती काम केलं, हे या रचनेतून वेगळं करता येत नाही. २००५ मध्ये याच गटानं 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी'च्या पुरवणी अंकात दहा वर्षांचा हिशोब मांडला. त्यात एकूण घटीचा ३६ टक्के वाटा सेप्सिसच्या उपचारांना, ३४ टक्के कमी वजनाच्या बाळांच्या काळजीला आणि १९ टक्के गुदमरलेल्या बाळांच्या उपचारांना दिला. ही विभागणी उपयोगाची आहे, पण ती विश्लेषणातून आलेली आहे. इंजेक्शन असलेली गावं आणि नसलेली गावं अशी तुलना करून ती काढलेली नाही.

तिसरी गोष्ट: सेप्सिसचे आकडे. उपचाराआधी १६३ बाळांत मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्के, म्हणजे साधारण २७ बाळं. उपचारानंतर ७१ बाळांत २.८ टक्के, म्हणजे दोन बाळं. फरक डोळ्यांत भरतो. पण निदान लक्षणांवरून होतं, रक्ताच्या कल्चरवरून नव्हे. ते साहजिकच आहे, त्या गावांत प्रयोगशाळा कुठली? तरी प्रश्न राहतोच: आधीची १६३ बाळं आणि नंतरची ७१ बाळं सारखीच आजारी होती का? आरोग्यदूत अनुभवी झाली, लवकर ओळखू लागली, तर सौम्य आजाराची बाळंही यादीत येतात आणि मृत्यूचं प्रमाण आपोआप घसरतं. सगळा फरक यानंच पडला असं मी म्हणत नाही. पण हे पूर्व-पश्चात तुलनेचं नेहमीचं दुखणं आहे आणि तुमच्या व्हायव्हात ते विचारलं जाईल.

पेपर बाहेर पडल्यावर

एकटा पेपर वाचू नका, त्याची पुढची पिढी वाचा. पुढे याच कल्पनेवर क्लस्टर रँडमाइज्ड ट्रायल झाल्या. चार घेऊ.

उत्तर प्रदेशातलं शिवगड (२००८): घट ५४ टक्के. तिथे इंजेक्शन नव्हतं. ऊब, स्वच्छता, लगेच स्तनपान अशा सवयींवर भर होता.

बांगलादेशातलं सिल्हेट (२००८): घरोघरी सेवेच्या गटात ३४ टक्के. तिथे कार्यकर्त्या इंजेक्शन देत होत्या.

पाकिस्तानातलं हाला (२०११): नवजात मृत्युदर हजारी ४९.१ च्या तुलनेत ४३, म्हणजे घट साधारण १५ टक्के. काम सरकारी लेडी हेल्थ वर्कर्सच्या हातात होतं.

हरियाणा (२०१२): सरकारी यंत्रणेतून राबवलेला आयएमएनसीआय कार्यक्रम. नवजात मृत्युदरात घट साधारण ९ टक्के आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल १ ओलांडणारा, म्हणजे घट झालीच असं ठामपणे म्हणता येत नाही. पहिल्या २४ तासांनंतरचे मृत्यू मात्र साधारण १४ टक्क्यांनी कमी.

६२, ५४, ३४, १५, ९. हा उतार बघितला आणि मॅडमचा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला. कोणाच्या हातून?

इथे घाई करू नका. या पाच ठिकाणांत सुरुवातीचे दर वेगळे, कार्यक्रम वेगळे, बाळंतपणाच्या जागा वेगळ्या. फक्त सरकारी हात आले म्हणून घट आटली असं म्हणणं म्हणजे पुन्हा एकच कारण पकडून बसणं. पण एवढं नक्की म्हणता येतं: लहान भाग, नियमित देखरेख आणि ध्यास घेतलेली टोळी असताना जो परिणाम मिळतो, तो मोठ्या यंत्रणेत जसाच्या तसा मिळेल असं गृहीत धरता येत नाही. पहिल्याला आपण एफिकसीच्या जवळचं म्हणतो, दुसऱ्याला इफेक्टिव्हनेस. नेटच्या नोट्समध्ये या दोन व्याख्या आपण पाठ करतो आणि सिनॉप्सिस लिहिताना विसरतो.

आशाताईच्या हातात काय आलं

२०११ मध्ये भारत सरकारनं आशा कार्यकर्त्यांमार्फत ही सेवा देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. विदर्भातल्या एका जिल्ह्यातलं संशोधन देशाच्या धोरणात जाणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण जाताना त्यातून काय गळलं, तेही बघायला हवं. आशानं वजन घ्यायचं, ताप बघायचा, स्तनपान बघायचं, धोक्याची लक्षणं ओळखून पुढे पाठवायचं. जेंटामायसिनचं इंजेक्शन तिच्या कामात नाही. म्हणजे लेखकांच्याच हिशोबात ज्या भागाला सर्वांत मोठा वाटा दिला होता, तो मूळ रूपात आलाच नाही. आणि दर पंधरा दिवसांची ती देखरेख?

माझी मावशी अकोला जिल्ह्यातल्या एका गावात आशा आहे. दिवाळीत तिला हा पेपर समजावून सांगत होते. ती निंबाच्या खाली रजिस्टर भरत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, ते सुई मले देता येते का? नाही. माह्या मांगं पंधरा दिवसानं कोनी पाह्यले येते का? नाही. मंग तुह्या कागदातले बासष्ट माह्याकडून कसे येतीन?"

मग तिनं वजनाची झोळी दाखवली, रजिस्टरं दाखवली. लसीकरण, गरोदर बायांची यादी, सर्व्हे, भेटींचे फॉर्म. तिनं गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत एक बाळ दूध ओढत नव्हतं, अंग गार लागत होतं. तिनं ते अंगाशी बांधायला लावलं आणि गाडी बोलावली. बाळ वाचलं. मी विचारलं, हे कुठे लिहिलंस? म्हणाली, फॉर्मात 'रेफर' अशी एक खूण केली.

ती खूण आपल्या डेटासेटमध्ये १ म्हणून येते. तिच्यामागे बाईचं शिक्षण होतं, नजर होती, गाडी वेळेवर आली होती. इंटरव्हेन्शन म्हणतात ते हे सगळं मिळून. आपण मात्र 'भेटी झाल्या: ६ पैकी ६' एवढंच मोजतो.

आता प्रश्न तोच आहे का

आणखी एक बदल. १९९५ च्या गडचिरोलीत बाळंतपण घरी होतं. आज एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रात ९० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात. राज्याचा नवजात मृत्युदर एसआरएस २०२० नुसार ११ होता. जे मृत्यू उरलेत त्यांत पहिल्या दिवसाचे, अगदी कमी दिवसांच्या बाळांचे मृत्यू आता जास्त महत्त्वाचे ठरतात. तिसऱ्या दिवशी घरी येणारी ताई तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथला प्रश्न लेबर रूमचा आहे, रात्रपाळीच्या नर्सचा आहे, एसएनसीयूतल्या खाटांचा आहे.

पण राज्याची सरासरी म्हणजे मेळघाट नव्हे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत घरची बाळंतपणं अजून होतात. धारणीहून अमरावतीचं डफरीन दीडशेएक किलोमीटर, मध्ये घाट. तिथे गावातल्या प्रशिक्षित हातांचं मोल आजही आहे. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेनंही गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी बालउपचाराचं काम केलं, ते यासाठीच. म्हणजे एकाच अमरावती जिल्ह्यात १९९९ च्या पेपरचा प्रश्न एका तालुक्यात जुना झालाय आणि दुसऱ्यात जिवंत आहे. 'अमरावती जिल्ह्यातील नवजात मृत्युदर' असं शीर्षक लिहिताना हा फरक पुसला जातो. माझ्या पहिल्या शीर्षकात तो पुसला गेला होता.

माझ्या आराखड्याचं काय झालं

हा भाग गणिताचा आहे, पण सोडू नका. समजा एखाद्या भागात नवजात मृत्युदर हजारी ३० आहे. ८० टक्के पॉवर, ५ टक्के सिग्निफिकन्स. घट ६२ टक्के धरली तर प्रत्येक गटात साधारण ९०० बाळं पुरतात. घट १५ टक्के धरली तर प्रत्येक गटात साधारण २१ हजार लागतात. गावांचे क्लस्टर घेतले तर त्याहून जास्त. आकडे नेहमीच्या दोन प्रमाणांच्या सूत्रानं काढलेत, स्वतः करून बघा.

मी ९०० च्या आसपासचा आकडा लिहिला होता. तो अभ्यास झाला असता तर काय झालं असतं? आशांच्या कामानं खरोखर १५ टक्के मृत्यू कमी होत असते, तरी ९०० बाळांत ते दिसलं नसतं. मी थीसिसमध्ये लिहिलं असतं, 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.' ते वाचून एखाद्या बैठकीत कोणी म्हणालं असतं की या बायांच्या भेटींचा उपयोग नाही. चूक माझ्या सॅम्पल साइजची आणि शिक्षा मावशीला. पेपर अर्धवट वाचण्याची किंमत वाचणाराच भरतो असं नाही.

शेवटी मी मृत्युदराचा नाद सोडला. एकट्या पीएचडीच्या आवाक्यातलं ते नाही. आता माझा प्रश्न लहान आहे: सहा भेटींत ठरवलेलं काम प्रत्यक्षात किती होतं, कोणत्या भेटीत काय सुटतं आणि रेफर केलेलं बाळ किती तासांत पोहोचतं. या प्रश्नाचं उत्तर माझ्या नमुन्यातून मिळू शकतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कोणत्याही ट्रायलचा आकडा लिहिण्याआधी चार गोष्टी वहीत उतरवा. दराच्या मागे किती माणसं किंवा मृत्यू आहेत. गट कसे ठरले. सेवा कोणी दिली आणि तिच्यावर देखरेख कोणाची होती. तुमच्या गावात त्यातलं काय पोहोचलं आणि काय गळलं. हे चार रकाने भरता आले नाहीत तर पेपर अजून वाचून झालेला नाही असं समजा.

माझं ते वाक्य आता असं आहे: 'गडचिरोलीत १९९५-९८ मध्ये प्रशिक्षित आरोग्यदूतांनी नियमित देखरेखीखाली, इंजेक्शनसह सेवा दिली असता नवजात मृत्युदरात कंट्रोल गावांच्या तुलनेत ६२ टक्के निव्वळ घट नोंदली गेली. सरकारी यंत्रणेतून राबवलेल्या पुढील ट्रायलमध्ये घट यापेक्षा बरीच कमी आढळली.' वाक्य लांबलं. मॅडमनी या वेळी पेन्सिल उचलली नाही.